फाईल विंडोजच्या सर्व्हरवर, तुम्ही लिनक्सवर. मधला दुभाषी ‘सांबा’ नेमकं काय करतो?

“झेड ड्राइव्हला टाकलंय, तिथून घे.”

बऱ्यापैकी मोठ्या ऑफिसात हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. हा झेड ड्राइव्ह खरं तर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नसतोच. तो असतो सर्व्हर रूममधल्या एखाद्या मशीनमध्ये. नेटवर्कमुळे तो तुमच्या स्क्रीनवर स्वतःच्या ड्राइव्हसारखा दिसतो, एवढंच. सगळ्यांकडे विंडोज असेल तर डबल क्लिक केलं, फाईल उघडली, विषय संपला.

पण एखादा जण लिनक्सवाला लॅपटॉप घेऊन आला की प्रश्न सुरू होतात. नेटवर्क तेच, फाईल तीच, परवानगीही आहे. तरी अडतं. का? कारण दोन मशीनची भाषा वेगळी असते.

आज ही अडचण एका छोट्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं सुटते. पण ते इतकं सहज झालं नाही. त्यामागे ऑस्ट्रेलियातला एक विद्यार्थी आहे आणि युरोपातली एक मोठी कोर्टकचेरीही आहे.

आधी ही भाषेची भानगड समजून घेऊ

दुसऱ्या मशीनवरची फाईल उघडायची तर तुमच्या मशीनला सर्व्हरशी बोलावं लागतं. “मी अमुक, हा माझा पासवर्ड. या फोल्डरमध्ये काय काय आहे? तमुक फाईल दे.” हे बोलणं ठरलेल्या नियमांनी होतं. त्या नियमांना म्हणतात प्रोटोकॉल. मागणाऱ्या मशीनवरचं सॉफ्टवेअर म्हणजे क्लायंट आणि देणारं म्हणजे सर्व्हर.

युनिक्सच्या घराण्यात (लिनक्स आणि ॲपलचं मॅक याच घराण्यातले) १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं एनएफएस नावाचा प्रोटोकॉल आणला. १९८९ मध्ये त्याचे नियम जाहीर दस्तऐवज म्हणून प्रसिद्धही झाले. कोणीही वाचावं, कोणीही आपला क्लायंट लिहावा.

पीसीच्या दुनियेत वेगळी भाषा रुजली. तिचं नाव एसएमबी. आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकात ती तयार केली. पुढे मायक्रोसॉफ्टनं ती उचलली, वाढवली आणि विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर तिच्यात भर घालत नेली. पण या भाषेचं पूर्ण, ताजं व्याकरण बाहेरच्यांच्या हाती नव्हतं.

याचा अर्थ काय होतो, बघा. फाईल तुमची, पण ती ज्या कपाटात ठेवली त्याची किल्ली एकाच कंपनीच्या कारखान्यात बनते. किल्ली हवी तर त्याच कंपनीचं कॉम्प्युटर घ्या. खरा मुद्दा हा होता.

कॅनबेरातल्या विद्यार्थ्यानं कान लावला

१९९१ चा शेवट. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी पीएचडी करत होता. त्याच्या टेबलावर डॉस चालणारा पीसी होता, आणि फाईली होत्या विभागाच्या युनिक्स मशीनवर. त्याला एक प्रोग्रॅम वापरायचा होता. तो चालायला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं ‘पाथवर्क्स’ हे नेटवर्क सॉफ्टवेअर लागत होतं, आणि त्याच्या युनिक्स मशीनला त्या सॉफ्टवेअरशी बोलता येत नव्हतं.

मग त्यानं काय केलं? नेटवर्कवरून दोन मशीनमध्ये जे काही जातं-येतं ते टिपून ठेवणारा प्रोग्रॅम वापरला आणि ते संभाषण ऐकत बसला. हा काय मागतो, तो काय उत्तर देतो, चुकीचं मागितलं तर काय म्हणतो. या पद्धतीला त्यानं पुढे छान उपमा दिली. फ्रेंच शिकायचंय, पण पुस्तक नाही, शिक्षक नाही. मग फ्रान्समधल्या कॅफेत जाऊन बसा, वेटर आणि गिऱ्हाईक काय बोलतात ते ऐका, आणि नंतर स्वतः ऑर्डर देऊन बघा.

जानेवारी १९९२ मध्ये त्यानं आपला प्रोग्रॅम लोकांना वापरायला दिला. गंमत म्हणजे आपण ज्याची नक्कल केली ती भाषा एसएमबी आहे, हे तेव्हा त्याला माहीतच नव्हतं. जवळपास दोन वर्षांनी बायकोचा पीसी आपल्या लिनक्सला जोडायला घेतला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे तर थेट विंडोजशी बोलतंय.

सुरुवातीचं नाव होतं ‘एसएमबी सर्व्हर’. पण त्या नावावर एका कंपनीनं हक्क सांगितला. मग त्यानं कॉम्प्युटरमधल्या शब्दकोशात असे शब्द शोधले, ज्यात एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमानं येतात. यादीत एक शब्द निघाला ‘सांबा’. ब्राझीलच्या नाचाचं नाव असं सॉफ्टवेअरला चिकटलं.

युरोपात प्रकरण कोर्टात गेलं

ऐकून शिकलेल्या भाषेची एक अडचण असते. समोरच्यानं नवीन शब्द आणला की पुन्हा पहिल्यापासून कान लावायचा. विंडोजची नवी आवृत्ती आली की सांबाची टीम पुन्हा कामाला लागायची.

मार्च २००४ मध्ये युरोपियन कमिशननं मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्याबरोबर आदेशही दिला की विंडोजशी इतरांच्या सर्व्हरना बोलता यावं, यासाठी लागणारी माहिती द्या. मायक्रोसॉफ्ट कोर्टात गेलं. सप्टेंबर २००७ मध्ये कोर्टानं कमिशनची बाजू उचलून धरली. सांबाचे लोक या प्रकरणात मायक्रोसॉफ्टच्या विरोधात बाजू मांडत होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका ना-नफा संस्थेमार्फत करार झाला. एकदाच १०,००० युरो भरायचे आणि प्रोटोकॉलची कागदपत्रं घ्यायची. ती कागदपत्रं टीमनं गुप्त ठेवायची, पण त्यावरून लिहिलेला प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला ठेवता येणार होता. २०१२ मध्ये सांबाची चौथी मोठी आवृत्ती आली, तेव्हा तर खुद्द मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी चाचण्यांना मदत केली होती.

आता कामाचं: लिनक्सवरून तो ड्राइव्ह उघडायचा कसा?

मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे पाहुण्यासारखं जाऊन यायचं. दुसरा म्हणजे तो फोल्डर आपल्या घरातच आणून बसवायचा.

पहिल्या मार्गासाठी सांबासोबत ‘एसएमबीक्लायंट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. तो टर्मिनलमध्ये चालतो. ‘एल’ हा पर्याय देऊन सर्व्हरचं नाव लिहिलं, की त्या सर्व्हरवर कोणकोणते फोल्डर शेअर केलेत त्यांची यादी येते. त्यातला हवा तो असा मागायचा (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं):

एसएमबीक्लायंट //सर्व्हर/हिशेब

इथे एक बारीक खोच आहे. विंडोजमध्ये पत्ता लिहिताना उलट्या तिरक्या रेषा वापरतात. युनिक्सच्या टर्मिनलमध्ये त्या उलट्या रेषेला वेगळाच अर्थ आहे, त्यामुळे विंडोजचा पत्ता जसाच्या तसा चिकटवला तर गडबड होते. म्हणून इथे सरळ तिरक्या रेषा द्यायच्या.

पासवर्ड दिला की तुम्ही आत. ‘एलएस’ म्हटलं की यादी, ‘सीडी’ म्हटलं की दुसऱ्या फोल्डरमध्ये, ‘गेट’ म्हटलं की फाईल तुमच्याकडे, ‘पुट’ म्हटलं की तुमची फाईल तिकडे. काम झालं की ‘एक्झिट’. एक-दोन फाईली आणायच्या असतील किंवा सर्व्हरपर्यंत पोचता येतंय का एवढंच बघायचं असेल, तर हा मार्ग बेस्ट.

दुसरा मार्ग ‘माउंट’चा. विंडोजमध्ये सी, डी, झेड असे वेगवेगळे ड्राइव्ह असतात. युनिक्समध्ये तसं नसतं. तिथे सगळं मिळून एकच झाड असतं आणि नवी डिस्क म्हणजे त्या झाडाला बांधलेली फांदी. ‘माउंट’ कमांडनं सर्व्हरवरचा फोल्डर आपल्या एखाद्या रिकाम्या फोल्डरला जोडायचा. मग कुठलाही प्रोग्रॅम तिथली फाईल थेट उघडतो, जणू ती आपल्याच डिस्कवर आहे. यासाठी सहसा ॲडमिनचे अधिकार लागतात. मधेच नेटवर्क गेलं तर त्या फोल्डरला हात लावणारे प्रोग्रॅम काही काळ अडकूनही पडू शकतात.

टर्मिनलची भीती वाटत असेल तरी हरकत नाही. लिनक्सच्या बहुतेक फाईल मॅनेजरमध्ये आणि मॅकच्या ‘कनेक्ट टू सर्व्हर’ खिडकीत ‘एसएमबी’, मग विसर्ग चिन्हासारखे दोन टिंब, दोन तिरक्या रेषा आणि सर्व्हरचं नाव लिहिलं की काम होतं.

अडलं तर नेमकं कुठे अडलं?

चुकीचे संदेश इंग्रजीत आणि मोठ्या अक्षरांत येतात, म्हणून घाबरायला होतं. पण त्यांचा अर्थ सरळ असतो.

• ‘लॉगऑन फेल्युअर’ : सर्व्हर सापडला, पण नाव किंवा पासवर्ड चुकला.

• ‘बॅड नेटवर्क नेम’ : सर्व्हर बरोबर, पण त्या नावाचा शेअर केलेला फोल्डर तिथे नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं.

• ‘ॲक्सेस डिनाइड’ : तुम्ही कोण ते कळलं, पण या फोल्डरची परवानगी तुम्हाला नाही. इथे कमांड बदलून उपयोग नाही, ॲडमिनला विचारा.

आणखी एक अडचण जुन्या नेटवर्क डिस्कची. काही जुन्या डिस्क एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती बोलतात आणि आजचा क्लायंट ती बोलायला नकार देतो. मग इंटरनेटवर सल्ला मिळतो, “एक सेटिंग बदला आणि जुनी आवृत्ती चालू करा.” इथे मात्र थांबा.

२०१७ मध्ये काय घडलं होतं?

१२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. फाईली कुलूपबंद करायच्या आणि सोडवायला खंडणी मागायची, असा त्याचा धंदा. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. तो एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला कसा? तर विंडोजमधल्या एसएमबीच्या त्याच पहिल्या आवृत्तीतल्या एका भोकातून. मायक्रोसॉफ्टनं त्यावरचा इलाज दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, त्यांना फटका बसला.

त्यानंतर महिना-दीड महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. त्यानंही हेच भोक वापरलं, शिवाय चोरलेल्या पासवर्डचाही आधार घेतला. यात मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी सापडली आणि त्याची झळ थेट रायगडपर्यंत आली. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्कच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. एकूण नुकसान २० ते ३० कोटी डॉलरचं असेल, असा अंदाज मर्स्कनंच दिला होता.

सांबा तरी धुतल्या तांदळासारखा होता का? नाही. त्याच मे महिन्यात सांबाच्या सर्व्हरमध्येही एक गंभीर भोक सापडलं. २०१० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये ते लपून होतं. फरक इतकाच, की प्रोग्रॅम खुला असल्यानं दुरुस्ती काय झाली ते कोणालाही तपासता आलं.

या सगळ्यानंतर पहिली आवृत्ती हळूहळू बाद झाली. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती येणं बंद होऊ लागलं. सांबानं २०१९ मध्ये ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणजे क्लायंट नकार देतो तो आडमुठेपणा म्हणून नाही, तुमच्या भल्यासाठी.

मग काय काळजी घ्यायची?

एक, पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहू नका. तो टर्मिनलच्या इतिहासात राहतो आणि दुसऱ्या कुणाला दिसू शकतो. क्लायंटला विचारू द्या, किंवा पासवर्ड वेगळ्या फाईलमध्ये ठेवून ती फाईल फक्त तुम्हालाच वाचता येईल अशी परवानगी लावा.

दोन, तिसऱ्या आवृत्तीत एन्क्रिप्शनची सोय आहे. सर्व्हर तयार असेल तर ती वापरा, म्हणजे मधे कोणी कान लावून बसलं तरी हाती काही लागणार नाही. ट्रिजेलनं भाषा ऐकून शिकली, तसा तुमचा डेटाही कोणी ऐकू शकतं, हे विसरू नका.

तीन, एसएमबीचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. घरून ऑफिसचा ड्राइव्ह हवा असेल तर व्हीपीएनमधून जा.

चार, जुनी डिस्क फक्त पहिलीच आवृत्ती बोलत असेल तर आधी तिचं अपडेट शोधा. नसेल मिळत तर त्यातला डेटा बाहेर काढा आणि तिला निवृत्त करा.

आणि ऑफिस, शाळा किंवा संस्थेसाठी नवीन सर्व्हर घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: यातल्या फाईली दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरून उघडतील का? १९९१ मध्ये याचं उत्तर ‘नाही’ असं होतं. आज ते ‘हो’ असायलाच हवं. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पैसे द्यायच्या आधी दुसरं दुकान बघितलेलं बरं.