कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा का ओरडतो? आणि नवा कूलर न घेता त्याला गप्प कसं करायचं?

मे महिन्याची दुपार. नागपूर, अकोला, जळगावात पारा ४३-४४ च्या घरात. कोपऱ्यातला डेस्कटॉप सुरू केला की पाचव्या मिनिटाला पंखा घुरघुरायला लागतो, दहाव्या मिनिटाला आवाज शेजारच्या खोलीत पोहोचतो आणि व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की मशीन मधेच बंद. दुकानात नेलं की अनेकदा एकच सल्ला मिळतो, "कूलर बदला, जमलं तर वॉटर कूलिंगच टाका." म्हणजे पाच-सात हजारांचा खड्डा.

वन बीएचकेमध्ये तर प्रश्न आणखी अवघड होतो. ज्या खोलीत कॉम्प्युटर, त्याच खोलीत अंथरूण. एकाचं रात्रीचं काम म्हणजे दुसऱ्याची झोपमोड.

पण बहुतेक घरांत हा त्रास एक रुपया खर्च न करता किंवा अगदी थोड्या पैशांत निम्म्याहून कमी होऊ शकतो. त्यासाठी आधी हे समजून घ्यावं लागतं की पंखा नेमका ओरडतो कशामुळे.

डबा म्हणजे सीपीयू नव्हे

आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत आहे. खरं तर तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे त्याच्या आत मदरबोर्डवर बसवलेली प्रोसेसर चिप. हा फरक इथे महत्त्वाचा आहे, कारण चिप थंड करणं आणि डबा थंड करणं ही दोन वेगळी कामं आहेत. चिपवर कितीही महागडा कूलर बसवा, डब्यातली गरम हवा डब्यातच फिरत राहिली तर तो कूलर चिपवर गरम हवाच मारत बसतो.

चिपला जितकी वीज मिळते, ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. रायझन ५ ७६०० सारख्या प्रोसेसरवर कंपनीने ६५ वॉट लिहिलेलं असतं. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के ची कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. एवढी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून निघते. त्यावर धातूचा हीट सिंक बसतो, तो उष्णता पसरवतो आणि पंखा ती हवेत सोडतो.

म्हणजे कूलर काही थंडावा तयार करत नाही. तो फक्त उष्णता एका जागेवरून दुसरीकडे नेतो. त्यामुळे साधा कूलर, मग तो हवेचा असो की पाण्याचा, चिपला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊच शकत नाही. खोलीत २५ अंश असताना एखाद्या कामाला चिप ६५ अंशांवर राहत असेल, तर खोली ४२ अंशांवर गेली की तेच काम साधारण ८२ अंशांवर होणार. कूलर बिघडलेला नसतो, उन्हाळा आलेला असतो.

मग किती तापमान म्हणजे जास्त?

इथे लोक उगाच घाबरतात. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, तर रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची ९५. त्या मर्यादेला पोहोचलं की चिप स्वतःचा वेग कमी करते. त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. त्यानंतरही तापमान चढतच राहिलं, तर मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. भर उन्हाळ्यात जड काम करताना ८०-८५ अंश दिसले तर त्यात काळजीचं काही नाही. पण नुसतं ब्राउझर उघडल्यावर ९० दिसत असेल, तर कुठेतरी गडबड आहे.

हे आकडे बघायला 'एचडब्ल्यूइन्फो' नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. काहीही विकत घ्यायच्या आधी रोजचं काम अर्धा तास करून हे आकडे लिहून ठेवावेत. पुढे केलेल्या बदलाने फरक पडला की नाही, ते कळायचा दुसरा मार्ग नाही.

आवाजाचं गणित

हा या विषयातला सगळ्यात कामाचा भाग. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते. आवाज मात्र त्याच प्रमाणात कमी होत नाही, तो कितीतरी जास्त पडतो. पंख्यांच्या अभियांत्रिकीत वापरलं जाणारं सूत्र सांगतं की वेग निम्मा झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलने खाली येतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, हे लक्षात घेतलं तर १५ डेसिबल म्हणजे काय ते कळेल.

आता समजा, १८०० फेऱ्यांवर ओरडणाऱ्या एका पंख्याऐवजी ९०० फेऱ्यांवर फिरणारे दोन पंखे लावले. दोघांची मिळून हवा जवळपास तेवढीच. एकसारखे दोन पंखे एकत्र चालले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे १५ मधून ३ गेले, तरी १२ डेसिबलचा फायदा उरलाच. प्रत्यक्षात जाळ्या आणि वायर हवेला अडवतात, त्यामुळे हिशेब एवढा चोख येत नाही, पण दिशा हीच राहते. जास्त पंखे म्हणजे जास्त आवाज, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. एकटा पंखा जीव तोडून पळतो, तेव्हा जास्त आवाज होतो.

मोठा पंखाही याच कारणाने शांत. १४० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ १२० च्या तुलनेत साधारण ३६ टक्के जास्त असतं, त्यामुळे तेवढीच हवा तो सावकाश फिरून देतो. ऑस्ट्रियाच्या 'नॉक्टुआ' कंपनीने तर शांत पंख्यांवरच नाव कमावलं. चॉकलेटी-बदामी रंगाचे ते पंखे दिसायला कसेही असोत, लोक वर्षानुवर्षं घेतात. पण महागडा पंखाही पूर्ण वेगाने पळवला तर आवाज करणारच. उलट साधा पंखा हळू चालवला तर तोही गप्प बसतो.

खरा वैताग चढउताराचा

एकसारख्या आवाजाला कान सरावतो. घरात सीलिंग फॅन रात्रभर फिरतो, तरी कुणाची झोप मोडत नाही. झोप मोडते ती मधेच चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या आवाजाने. नुसतं एक वेबपेज उघडलं तरी काही डेस्कटॉपचा पंखा झूऽऽम करून वर जातो आणि लगेच खाली येतो.

याचं कारण असं, की चिप इवलीशी असल्याने तिचं तापमान सेकंदाच्या आत १०-१५ अंशांनी उडी मारू शकतं. हीट सिंकचा धातू मात्र तापायला वेळ घेतो. मदरबोर्ड ती उडी बघून पंखा पळवतो, तोपर्यंत काम संपलेलंही असतं. ही धावपळ निव्वळ वाया.

उपाय बायोसमध्येच असतो. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबलं की बहुतेक मदरबोर्डवर फॅन कंट्रोलचं पान सापडतं. तिथे कोणत्या तापमानाला पंखा किती फिरवायचा, याचा आलेख असतो. ६०-६५ अंशांपर्यंत वेग कमी आणि सपाट ठेवावा, तिथून पुढे हळूहळू चढवावा आणि ८५ च्या पुढे पूर्ण सोडावा. उन्हाळा कडक असलेल्या गावात ही सपाट रेघ थोडी लांबवली तरी चालते. त्याच पानावर 'स्टेप अप' किंवा 'स्मूदिंग' अशा नावाने उशिराची सोय दिसली तर तिथे ४-५ सेकंद टाकावेत. बायोसची भीती वाटत असेल तर विंडोजसाठी 'फॅन कंट्रोल' नावाचंच मोफत सॉफ्टवेअर आहे.

पंख्याची पिन चार टोकांची आहे की तीन, तेही बघायला हवं. चार टोकांच्या पंख्याला वेगाचा वेगळा सिग्नल मिळतो. तीनवाल्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरवता येतो, त्यामुळे सेटिंगमध्ये पीडब्ल्यूएमऐवजी डीसी निवडावं लागतं. हे न बदलल्याने कित्येक पंखे वर्षानुवर्षं फुल्ल स्पीडवरच फिरत राहतात.

हवेला वाट द्या

पुढून थंड हवा आत, मागून गरम हवा बाहेर. एवढं साधं आहे. दोन पंखे पुढे, एक मागे, घरगुती डेस्कटॉपला पुष्कळ झाले. पंखा उलटा लागू नये म्हणून एक खूण: ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात, बहुतेक पंख्यांत त्या बाजूने हवा बाहेर पडते.

समोरून सबंध काच आणि आत इंद्रधनुष्यी दिवे, अशी कॅबिनेट सध्या जोरात खपतात. फोटोत छान दिसतात, पण हवा घ्यायला फट नसेल तर आतले पंखे बिचारे काय करणार? नवीन कॅबिनेट घ्यायचंच असेल तर पुढे जाळी असलेलं घ्यावं.

आणि कॉम्प्युटर टेबलाचा तो खालचा कप्पा! तीन बाजूंनी बंद, मागे भिंत. गरम हवा मागून निघते, भिंतीला आपटते आणि फिरून पुढच्या पंख्यातून परत आत जाते. डबा कप्प्यातून काढून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला, तर नुसत्या तेवढ्यानेही फरक आकड्यांत दिसतो. धूळ बसू नये म्हणून घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर चालू मशीनवर तर नकोच. प्लायवूडच्या टेबलावर डबा असेल तर त्याची थरथर टेबलात उतरते आणि टेबल तबल्यासारखं घुमतं. खाली रबराचा तुकडा किंवा जुना माउसपॅड सरकवला की ते थांबतं.

उष्णता मुळातच कमी करा

प्रोसेसर शेवटचा थोडा वेग मिळवायला भरमसाठ वीज ओढतो. तो हट्ट सोडला तर मशीन लगेच शांत होतं. रायझनच्या बायोसमध्ये 'इको मोड' मिळतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के केलं की बऱ्याच प्रोसेसरचा टर्बो बंद होतो. एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागेल हे खरं, पण रात्रीच्या कामाला हा सौदा वाईट नाही.

वॉटर कूलिंगचं काय? त्यातही पाणी थंड करायला पंखेच असतात, वर पंपाचा आवाज वेगळा. २०० वॉटच्या पुढच्या प्रोसेसरला ते शोभतं. ६५ वॉटच्या प्रोसेसरला दोन हजारांच्या आसपासचा, उभ्या पात्यांचा १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर पुरून उरतो. घेताना त्याची उंची आपल्या कॅबिनेटमध्ये बसते का, तेवढं मोजून घ्यावं. बसवताना तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक सोलायला विसरू नये. ते तसंच राहिलेले कूलर थोडेथोडके नाहीत. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. ते काही थंडाव्याचं मलम नव्हे, चिप आणि धातूमधल्या बारीक फटीतली हवा काढायला असतं.

साफसफाई, आणि एक इशारा

विदर्भ-मराठवाड्यात धूळ कोरडी असते, ब्लोअरने उडते. कोकणात तीच धूळ दमट हवेने चिकट होते, तिथे मऊ ब्रश लागतो. मशीन बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरूनच हवा मारावी. पाती मोकळी सोडली तर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. खोलीतल्या डेझर्ट कूलरचा झोत थेट डब्यावर मारू नये, त्यातला ओलावा आत जातो.

पंख्यातून खरखर किंवा टकटक येत असेल तर त्याचं बेअरिंग गेलेलं असतं. तिथे सेटिंगचा उपयोग नाही, पंखा बदलावाच लागतो. आणि हा आवाज एसएमपीएसच्या पंख्यातून येत असेल तर ते खोकं घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार साठलेला असू शकतो. हे काम मात्र दुकानातच.