घरगुती यंत्रातील पाव

पाव भाजणारे विजेचे यंत्र आज अनेक स्वयंपाकघरांत आढळते. भांड्यात पाणी, पीठ, मीठ, साखर, थोडे तेल आणि यीस्ट घालावे, झाकण लावून कळ दाबावी आणि तीन-चार तासांनी भाजलेला पाव बाहेर काढावा, इतके हे काम सोपे आहे असे मानले जाते. अनुभव मात्र पुष्कळदा निराळा येतो. कधी पावाचा माथा मध्येच खचतो, कधी पाव विटेसारखा घट्ट होतो, तर कधी कवच लाल होऊनही गाभा चिकट राहतो. यात दोष यंत्राचाच असतो असे नाही. यंत्रासोबतच्या पुस्तिकेतील मापे बहुधा एका देशाच्या पिठावरून व हवेवरून ठरविलेली असतात आणि भांड्यात पडणारे पीठ दुसऱ्या देशाचे असते. हे अंतर कसे भरून काढावे हे समजले, तर वाया जाणारे धान्य व श्रम दोन्ही वाचतात.

यंत्राची घडण

जपानमधील मात्सुशिता कंपनीने १९८७ साली असे यंत्र बाजारात आणले. त्याच्या घडणीच्या काळात तयार होणाऱ्या पावाचे कवच अधिक भाजले जाई आणि आतील भाग कच्चा राही. तेव्हा इकुको तानाका या कार्यकर्तीने ओसाका इंटरनॅशनल हॉटेलातील मुख्य पाववाल्याच्या हाताखाली कणीक मळण्याचे शिक्षण घेतले. हा कारागीर कणीक केवळ ताणत नाही, ताणताना पीळही देतो, हे तिच्या ध्यानात आले. त्यानंतर भांड्याच्या आतील बाजूस कंगोरे बसविण्यात आले व तोच परिणाम पात्याच्या फिरण्याने साधला गेला. कणीक उष्णतेने अकाली फुगू नये म्हणून यीस्ट उशिरा मिसळण्याची युक्तीही या यंत्रात योजण्यात आली.

अशा रीतीने कारागिराच्या हाताचे काम यंत्राने उचलले. परंतु कणीक सैल आहे की घट्ट, हे पाहून पाणी कमी-अधिक करणे सामान्य घरगुती यंत्राला जमत नाही. ते ठरलेल्या वेळेबरहुकूम चालते. पाहण्याचे काम गृहिणीकडे किंवा घरातील जो कोणी पाव करील त्याच्याकडे उरते.

पिठाची तहान

म्हैसूर येथील चेलुवांबा प्रासादात २१ ऑक्टोबर १९५० रोजी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे उद्‌घाटन झाले. गहू, त्याचे दळण, चपाती आणि पाव यांवर या संस्थेत दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. पी. हरिदास राव, के. लीलावती आणि एस. आर. शुर्पालेकर या तेथील संशोधकांनी चपातीच्या पिठाची परीक्षा करण्याची पद्धत १९८६ साली प्रसिद्ध केली व पुढे भग्न पिष्टाचा चपातीवर होणारा परिणामही अभ्यासला.

भग्न पिष्ट म्हणजे दळताना फुटलेले पिष्टकण. दगडी चक्कीत गहू दाबला व घासला जातो, त्यामुळे असे कण पुष्कळ होतात. अखंड कण थंड पाणी थोडेच शोषतो. फुटलेला कण त्याच्या कितीतरी पट शोषतो. म्हणूनच चक्कीच्या पिठाची कणीक अधिक पाणी घेते आणि चपाती मऊ राहते. पावात मात्र हाच गुण अति झाला की अडचण होते. फुटलेल्या पिष्टावर पिठातील विकरे लवकर क्रिया करतात, धरलेले पाणी सुटते आणि गाभा चिकट होतो. शिवाय कोंड्याचे तुकडे ग्लुटेनचे जाळे तोडतात. या जाळ्यातच यीस्टने निर्माण केलेला कार्बन डायऑक्साइड वायू अडकतो व पाव फुगतो.

यास्तव आरंभ मैद्याने करावा. पुडक्यावरील तक्त्यात १०० ग्रॅम मैद्यामागे प्रथिने ११ ग्रॅम किंवा अधिक दिसली तर उत्तम. ४०० ग्रॅम मैद्यास सुमारे २५० मिलिलिटर पाणी, ७ ग्रॅम मीठ, १२ ग्रॅम साखर, १५ ग्रॅम तेल व ४ ग्रॅम कोरडे यीस्ट हे प्रमाण पहिल्या प्रयोगास पुरते. हात बसल्यावर मैद्याचा चौथा हिस्सा काढून तेवढेच गव्हाचे पीठ घालावे व पाणी थोडे वाढवावे. पीठ वाटीने मोजू नये, तराजूवर तोलावे. दाबून भरलेल्या व सैल भरलेल्या वाटीत पुष्कळ अंतर पडते.

पहिली दहा मिनिटे

मळणी सुरू झाल्यावर पाच ते दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहावे. त्याने काही बिघडत नाही. भांड्याच्या कडा स्वच्छ सोडून एकच मऊ, किंचित चिकट गोळा फिरत असेल तर प्रमाण योग्य आहे. कोरडे तुकडे दिसले तर एक चमचा पाणी घालावे. कणीक तळाशी पसरली असेल तर एक चमचा पीठ घालावे. दर चमच्यानंतर एक-दोन मिनिटे थांबावे. पाव भाजू लागल्यावर मात्र झाकण उघडू नये.

उष्ण हवा

म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून अधिक उंच आहे. तरी एप्रिलमध्ये तेथे दुपारचे तापमान ३४-३५ अंश सेल्सियसपर्यंत जाते. कणीक २६ ते २८ अंशांवर असावी हे उत्तम. उष्ण दिवसांत ती लवकर फुगते, भाजणीची वेळ येण्यापूर्वीच जाळे ताणून दुबळे होते आणि माथा खचतो. अशा वेळी फ्रिजमधील थंड पाणी वापरावे व यीस्ट चौथ्या हिश्शाने कमी करावे. मीठ यीस्टला आवर घालते, म्हणून ते वगळू नये. मात्र भांड्यात भरताना दोन्ही एकमेकांपासून दूर ठेवावीत. रात्री भरून पहाटे पाव हवा असेल तर दुधाऐवजी पाणी घ्यावे, कारण उबेत दूध नासते.

भाजून झाल्यावर

पाव लगेच भांड्याबाहेर काढून जाळीवर ठेवावा. आत राहिल्यास वाफेने कवच ओलसर होते. गाभ्यातील पिष्ट स्थिर होण्यास सुमारे एक तास लागतो, तोपर्यंत सुरी लावू नये. उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवल्यास बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांहून अधिक ठेवावयाचा असल्यास तो कापून हवाबंद पिशवीत गोठवावा.

प्रत्येक वेळी पिठाचा प्रकार, पाणी, यीस्ट, खोलीचे तापमान व पावाची उंची एका वहीत लिहून ठेवावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रयोगशाळेतही याच रीतीने ज्ञान मिळविले जाते. आठ-दहा पावांनंतर त्या वहीत घरचे पीठ व घरची हवा यांना साजेसे माप तयार झालेले असेल आणि छापील पुस्तिका उघडण्याचे कारण क्वचितच पडेल.