विरामालाही माप असते

घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत दर सेकंदाला एक याप्रमाणे चार टाळ्या वाजवा. आता पुन्हा तसेच करा, पण तिसरी टाळी वाजवू नका; हात नुसते बाजूला न्या. चौथी टाळी मात्र ठरल्या क्षणीच पडली पाहिजे. टाळ्या तीनच वाजल्या, पण वेळ चार टाळ्यांइतकाच लागला. न वाजलेल्या टाळीनेही आपला एक सेकंद घेतलाच! वाजलेला स्वर कागदावर लिहिता येतो. पण हा मूक सेकंद कसा लिहायचा?

पाश्चात्त्य स्वरलेखनात याची सोय आहे. तेथे पाच आडव्या रेघा असतात. चिन्ह कोणत्या रेघेवर किंवा कोणत्या दोन रेघांमध्ये आहे, यावरून स्वराची उंची कळते आणि चिन्हाच्या आकारावरून त्याची लांबी. पोकळ लंबगोल म्हणजे पूर्ण स्वर. त्याला काडी जोडली की तो अर्धा झाला. काडी ठेवून गोल काळा भरला की पाव. काडीला एक शेपटी लावली की अष्टमांश आणि दोन लावल्या की षोडशांश. प्रत्येक पायरीवर लांबी निम्मी होते. आजीला विचारा, शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक ही तिच्या लहानपणची वजने अगदी याच हिशोबाने उतरत होती.

चिन्हाच्या उजवीकडे एक टिंब दिले की लांबी दीडपट होते. म्हणजे टिंब दिलेला अर्धा स्वर तीन पाव स्वरांइतका चालतो.

आता महत्त्वाची गोष्ट. स्वराच्या या प्रत्येक मापाला तेवढ्याच लांबीचे एक विरामचिन्ह आहे. पूर्ण विराम रेघेला खालून लटकलेल्या ठोकळ्यासारखा दिसतो, तर अर्धा विराम रेघेवर बसलेल्या ठोकळ्यासारखा. पाव विराम नागमोडी असतो. अष्टमांश विरामाला एक आकडी असते, तर षोडशांशाला दोन.

हा हिशोब तपासण्यासाठी उभ्या रेघा मारून कप्पे पाडतात. सुरुवातीला दोन आकडे एकाखाली एक लिहितात. वर २ आणि खाली ४ असेल, तर प्रत्येक कप्प्यात पाव स्वराएवढे दोन ठोके बसले पाहिजेत. स्वर आणि विराम यांची बेरीज त्याहून कमी नको की जास्त नको.

व्हिएन्ना येथे १८०८ साली प्रथम वाजवली गेलेली बीथोव्हेनची पाचवी सिंफनी याच मापात सुरू होते. तिच्या पहिल्या कप्प्यातले पहिले चिन्ह कोणते? स्वराचे नव्हे, अष्टमांश विरामाचे! त्यानंतर तीन अष्टमांश स्वर येतात. १/८ + ३/८ = ४/८, म्हणजे दोन पाव. कप्पा भरला. बीथोव्हेनने नंतर या भागाची गती मिनिटाला १०८ अर्धे स्वर अशी सांगितली. त्या गतीने हा विराम सुमारे ०.१४ सेकंदाचा होतो. इतका लहान विराम गाळला तर काय बिघडेल? पहिला स्वर थेट ठोक्यावर पडेल आणि सारा जोर त्याच्यावरच येईल. विरामामुळे ठोका मुका जातो आणि तिन्ही स्वर पुढच्या कप्प्यातल्या लांब स्वराकडे धाव घेतात. त्या सुरुवातीचा आवेग या धावेत आहे.

आपल्या संगीतातही मूक काळ मोजावाच लागतो. तबल्यावर एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा ‘धा’ समेवर आणतात. ही तिहाई. ‘तिट, कत, धा’ असा तीन मात्रांचा तुकडा घ्या. १६ मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेपासून तो लागोपाठ तीनदा म्हणा. तिसरा ‘धा’ पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर येईल. आता पहिल्या दोन ‘धा’नंतर एक एक मात्रा गप्प राहायचे ठरवा. या विश्रांतीला तबलजी ‘दम’ म्हणतात. दोन मात्रा वाढल्या, म्हणून सुरुवात सातव्या मात्रेपासून करावी लागेल. बोटांवर मोजून पाहा. घाईने दोन्ही दम गिळलेत, तर शेवटचा ‘धा’ पंधराव्या मात्रेवरच पडेल. बोल सगळे बरोबर, पण सम चुकली!

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत लांबी दाखवण्याची रीत निराळी आहे. तेथे एकटा लिहिलेला स्वर एका मात्रेचा. तो आणखी लांबवायचा असेल, तर पुढे दर मात्रेला एक आडवी रेघ देतात. एकाच मात्रेत अनेक स्वर असतील, तर त्यांच्याखाली कंस काढतात. चिन्हे वेगळी असली, तरी मात्रांचा जमाखर्च तोच.

तेव्हा शाळेच्या वाद्यवृंदात तुमची पाळी यायची असेल आणि तुम्ही नुसते उभे असाल, तर मोजणे सोडू नका. विराम म्हणजे सुटी नव्हे.

जाता जाता एक कोडे. सुरुवातीला वर ३ आणि खाली ४ लिहिलेल्या एका कप्प्यात एक पाव स्वर आणि एक अष्टमांश विराम लिहून झाला आहे. उरलेली जागा एकाच स्वरचिन्हाने भरायची आहे. ते कोणते? अडलात तर दीडकी आठवा, आणि उत्तर मिळाले की टाळ्या वाजवून ताळा करून पाहा.