'आउटलास्ट' म्हणजे नेमके किती टिकणे?

इंग्रजी विज्ञानलेख मराठीत आणताना 'आउटलास्ट' या क्रियापदासाठी पुष्कळदा 'दीर्घकाळ टिकणे' असे लिहिले जाते. त्यातला 'दीर्घ' हा भाषांतरकाराच्या पदरचा. म्यूऑन या मूलकणाचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद, विद्युतभारित पायऑनचे त्याहून कमी, ०.०२६ मायक्रोसेकंद. तेव्हा म्यूऑन पायऑनला 'आउटलास्ट' करतो हे विधान बरोबरच आहे. पण 'म्यूऑन दीर्घकाळ टिकतो' असे वर्गात सांगितले, तर मुले बुचकळ्यात पडतील.

या क्रियापदात काळाची लांबी नसते, तुलना असते. नुसते 'लास्ट' म्हणजे टिकणे किंवा पुरणे. त्याला 'आउट' हा उपसर्ग लागला, की ज्याच्यापेक्षा टिकायचे ते त्याचे कर्म बनते. आपला 'पेक्षा' उपसर्गातच मुरलेला असल्याने 'आउटलास्ट दॅन' ही रचना चूक ठरते. किती काळाने अधिक, हे सांगायला 'बाय' वापरतात. (जाता जाता : 'शेवटचा' या अर्थाच्या 'लास्ट'शी याचे नाते नाही. जोडे बनवण्याच्या लाकडी साच्यालाही इंग्रजीत 'लास्ट' म्हणतात; तो मात्र याच्याच कुळातला. दोघांचे मूळ पाऊलखुणेच्या अर्थाच्या एका जुन्या शब्दाशी जाऊन भिडते.)

अवकाशमोहिमांच्या वृत्तांतात हे क्रियापद हमखास भेटते. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'स्पिरिट' आणि 'अपॉर्च्युनिटी' या गाड्यांसाठी ९० मंगळदिवसांचे काम आखले होते. स्पिरिटशी शेवटचा संपर्क मार्च २०१० मध्ये झाला, अपॉर्च्युनिटीशी जून २०१८ मध्ये. म्हणजे अपॉर्च्युनिटीने स्पिरिटला 'बाय एट इयर्स' आउटलास्ट केले, आणि दोघींनीही आखलेल्या मुदतीला. वाचताना कर्म कोणते आहे ते नीट पाहावे. ९० दिवस ही किमान अपेक्षा होती, आयुर्मानाचे भाकीत नव्हे. 'शास्त्रज्ञांचा अंदाज साफ चुकला' असा अर्थ काढला, तर अभियंत्यांवर अन्याय होतो. सौर पट्ट्यांवरची धूळ मंगळावरचे वारे अधूनमधून उडवून नेत, हा वरचा लाभ.

सजीवांच्या बाबतीत 'आउटलिव्ह' अधिक रूढ आहे, व्याकरण तेच.

मराठीत याच्या जवळ जाणारा वाक्प्रचार म्हणजे 'पुरून उरणे'. त्यातही 'कुणाला' हे सांगावेच लागते. मात्र त्याला झुंजीचा वास आहे. अपॉर्च्युनिटी मंगळावरच्या अनेक हिवाळ्यांना पुरून उरली, २०१८ च्या धुळीच्या वादळाला मात्र नाही, हे वाक्य शोभते. म्यूऑन पायऑनला पुरून उरतो म्हटले तर हसू येईल. तिथे 'पायऑनपेक्षा अधिक टिकतो' हेच बरे.