लेझरला आईचं वय कळत नाही

मावसबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो मोबाईलवर आले, तेव्हा आई ते मोठे करकरून बघत बसली. मग हळूच म्हणाली, "गालावरचे हे डाग लेझरनं जातात म्हणे. लग्नाला दीड महिना आहे. बघतोस का रे?"

आई ६४ वर्षांची. स्वतःसाठी तिनं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी तिला इथल्या, इंदूरमधल्याच एका क्लिनिकमध्ये घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीनं चेहरा दुरूनच पाहिला, सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं, आजच पैसे भरले तर सूट मिळेल म्हणाली. डॉक्टर भेटलेच नाहीत. मी कार्ड काढलंही होतं, आईच म्हणाली, "आधी नीट विचारून घेऊ."

मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. तिथे जे कळलं आणि नंतर मी वाचून समजून घेतलं, ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

लेझरचा प्रकाश रंग ओळखतो. १९८३ साली अमेरिकेतल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या डॉक्टरांनी यामागचं तत्त्व मांडलं. योग्य तरंगलांबीचा प्रकाश अगदी क्षणभर सोडला, की ठरावीक रंगद्रव्य तो शोषून घेतं आणि तापून फुटतं. आजूबाजूची त्वचा वाचते. डागांमध्ये हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन सगळीकडेच असतं. ताकद जरा जास्त झाली, तर शेजारची त्वचाही भाजते आणि जुन्या डागाच्या जागी आणखी काळा डाग येऊ शकतो. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोल जातो आणि मेलॅनिन तो कमी शोषतं, म्हणून गडद त्वचेला तो तुलनेनं सुरक्षित मानतात. आयपीएल मात्र लेझर नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो. गडद त्वचेवर ते फार जपून वापरावं लागतं.

वयानं यात भर पडते. त्वचा पातळ होते, कोलेजन दरवर्षी साधारण १ टक्क्यानं घटत जातं, वरच्या आणि खालच्या थरांची पकड सैल होते. तरुणपणी वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. उतारवयात त्याला बराच जास्त वेळ लागतो. म्हणून तिशीतल्या मुलीची लाली दोन-चार दिवसांत उतरते, तीच आईच्या चेहऱ्यावर जास्त दिवस राहू शकते. मधुमेह असेल तर जखम आणखी हळू भरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे निळे-काळे वळ उठतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या व काही अँटिबायोटिक त्वचेला प्रकाशाबाबत हळवं करतात.

आणखी एक गंमत. हनुवटीवरचे पांढरे केस लेझरनं जात नाहीत, कारण त्यांत मेलॅनिनच नसतं. त्यासाठी पॅकेज घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं, तर यंत्र तेच असतं, पण तरंगलांबी, ताकद आणि वेळ हे आकडे प्रत्येक माणसासाठी वेगळे भरावे लागतात. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: डॉक्टर स्वतः तपासणार का? हा डाग नेमका कसला आहे? आमच्या रंगाच्या त्वचेसाठी कोणता लेझर वापरणार? आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला छोटी चाचणी करणार का? आणि सगळ्या औषधांची यादी सोबत न्या.

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात मोठा. आईच्या कानशिलाजवळचा एक डाग डॉक्टरांनी डर्मोस्कोपनं बराच वेळ पाहिला. कडा वेड्यावाकड्या, रंगही एकसारखा नव्हता. "याला लेझर लावणार नाही, आधी तुकडा तपासू," त्या म्हणाल्या. अहवाल येईपर्यंतचे दिवस आमच्या घरी कोणी फारसं बोललं नाही. सुदैवानं काही निघालं नाही. पण तो डाग वरून पुसला गेला असता, तर खाली काय आहे ते कळलंच नसतं. वाईट काही असतं, तर ते आतल्या आत वाढत राहिलं असतं.

बाकीच्या डागांसाठी डॉक्टरांनी लग्नानंतरची तारीख दिली. तोवर रोज सनस्क्रीन आणि उन्हात पदर किंवा छत्री.

लग्नाच्या फोटोंत आई डागांसकट आहे, पण या वेळी तिनं एकही फोटो मोठा करून पाहिला नाही.