वलंदेजी भाषेविषयीचे काही गैरसमज

शिवकालीन दफ्तरांत ज्यांचा उल्लेख ‘वलंदेज’ असा येतो आणि ज्यांनी १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार घातली, त्या डच लोकांची भाषा आज शिकू पाहणारा मराठी माणूस बहुधा नोकरीनिमित्त ॲम्स्टरडॅम, उत्रेख्त वा आइंडहोवन येथे जाऊन राहिलेला असतो. आणि पहिला धडा गिरवण्यापूर्वीच इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांनी त्याच्या मनात या भाषेविषयी इतकी धास्ती भरवलेली असते, की ती धास्ती मुळात इंग्रजी भाषकाची आहे, आपली नव्हे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

डच ही जर्मनचीच एखादी अपभ्रष्ट बोली होय, हा या गैरसमजांतील सर्वांत जुना. त्याचा उगम बव्हंशी नावात आहे, कारण ‘डच’ आणि जर्मन लोकांचे स्वतःच्या भाषेचे ‘डॉइच’ हे नाव एकाच मुळापासून, ‘लोकांची, देशी भाषा’ या अर्थाने, निघाले आहे. परंतु ज्या वर्णपरिवर्तनाने जर्मनमध्ये पाण्यासाठी ‘वासर’ आणि सफरचंदासाठी ‘आप्फेल’ अशी रूपे सिद्ध झाली, त्यातून डच मोकळी राहिली व तिने ‘वातर’ आणि ‘आपल’ ही रूपे जतन केली. शिवाय वेंगुर्ल्याची वखार उभी राहिली त्याच १६३७ साली डच संसदेच्या आज्ञेवरून केलेले बायबलचे भाषांतर प्रसिद्ध होऊन तिच्या प्रमाणरूपास मोठाच आधार मिळाला. ती केवळ एका चिमुकल्या देशापुरती आहे, हेही खरे नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांताची ती भाषा आहे, आणि सुरिनाममध्ये तर ५ जून १८७३ रोजी ‘लल्ला रूख’ जहाजातून उतरलेल्या हिंदी मजुरांचे वंशज घरी सरनामी आणि कचेरीत डच बोलतात.

आता मुख्य तक्रारीकडे वळू. डच आकडे उलटे आहेत, वेळ सांगण्याची रीत विचित्र आहे आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी फेकले जाते, असे पुस्तके सांगतात. एकवीस हा अंक डच मनुष्य ‘एन-एन-त्विन्तख़’, म्हणजे ‘एक आणि वीस’ असा उच्चारतो. ज्याने लहानपणी पाढे म्हणताना एकवीस, बावीस, तेवीस असा एकम आधी आणि दशक मागून घोकला, त्याला यात उलटे ते काय दिसावे? (एकोणचाळीसच्या जागी मात्र तो ‘नऊ आणि तीस’ म्हणतो, आपली ‘एक उणे’ची खुबी त्याला ठाऊक नाही.) ‘हाल्फ द्री’ हे शब्द ऐकून साडेतीन समजणारा नवखा तासभर उशिरा पोहोचतो, कारण त्यांचा अर्थ अडीच असा आहे, पण आपल्या ‘अडीच’च्या मुळाशी संस्कृतातील ‘अर्धतृतीय’, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असे, हेच गणित आहे. दीडसाठी त्यांचा शब्द ‘आन्दरहाल्फ’, अर्थात ‘दुसरा अर्धा’. आणि आपला दीड निघाला तो ‘द्व्यर्ध’ यातून. क्रियापदाचे म्हणाल, तर मुख्य वाक्यात ते दुसऱ्या स्थानी येते, आणि ही सवय आपल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते. परंतु गौण वाक्यात ‘ओमदात इक मोर्ख़न नार उत्रेख्त ख़ा’ या शब्दक्रमावर ‘कारण मी उद्या उत्रेख्तला जातो’ हा मराठी क्रम जवळजवळ शब्दागणिक बसतो.

नामांच्या लिंगाविषयीची भीती मात्र निराधार नाही. पुल्लिंग व स्त्रीलिंग एकत्र होऊन ‘द’ हे एक उपपद उरले आहे आणि नपुंसकलिंगासाठी ‘हेत’ आहे. कोणत्या नामास कोणते, हे पुष्कळदा पाठच करावे लागते. तरीही लघुत्वदर्शक नाम एकवचनात सदैव ‘हेत’ घेते, एवढा एक नियम बिनअपवाद आहे, आणि त्यामुळे मुलगी या अर्थाचा ‘मेइश्य’ हा शब्द नपुंसकलिंगी ठरतो. इंग्रज याला हसतो. ‘ते लेकरू’, ‘ते पाखरू’ म्हणणाऱ्याने हसण्याचे कारण नाही.

उच्चारासंबंधी, ही भाषा म्हणजे घसा खाकरणे होय, अशी थट्टा रूढ आहे. उर्दूतील ‘ख़बर’चा ‘ख़’ ज्याच्या कानांवरून गेला आहे, त्याला तो घोगरा वर्ण साधतो, आणि दक्षिणेत, ब्राबांत व फ्लँडर्समध्ये, तो पुष्कळच मृदू होतो. आपले अल्पप्राण प, त, क तेथे जसेच्या तसे चालतात. खरी परीक्षा स्वरांची आहे: ‘घर’ या अर्थाच्या डच शब्दातला जोडस्वर देवनागरीत लिहिण्याची सोयच नाही, तो कानांनीच शिकावा लागतो.

राहता राहिला सर्वांत सुखकर गैरसमज, की तेथे इंग्रजीवर निभावते. २०१२ च्या युरोपीय पाहणीत नव्वद टक्के डच लोकांनी आपण इंग्रजीत संभाषण करू शकतो असे सांगितले खरे. तथापि करखात्याचा निळा लिफाफा डचमध्येच येतो. उलटपक्षी तीन महिन्यांत भाषा येते, ही जाहिरातही फोल आहे. अमेरिकन परराष्ट्रखात्याची प्रशिक्षणसंस्था इंग्रजी भाषकासाठीही वर्गातील सुमारे ६०० तास धरते. आणि दुकानात आपण अडखळत पाव मागताच समोरचा इंग्रजीत वळतो, तो आपल्याला नापास करण्यासाठी नव्हे, सौजन्याने व वेळ वाचावा म्हणून. अशा वेळी ‘इक वील ख़्राख़ ऊफनन’, मला सराव करायचा आहे, एवढे म्हणावे. बहुधा तो हसून आपल्या भाषेत परततो, आणि मग इतक्या वेगाने बोलू लागतो की पावाची किंमत पुन्हा विचारावी लागते.