ड्राय-क्लीनिंगचे कपडे आणि आपले आरोग्य

लग्नसराई आटोपली की पैठण्या, शालू, सूट आणि शेरवान्या ड्राय-क्लीनिंगला रवाना होतात. चार दिवसांनी ते कपडे प्लॅस्टिकच्या वेष्टनात परत येतात आणि तसेच कपाटात जातात. आरोग्याच्या दृष्टीने नेमकी हीच सवय बदलायला हवी.

नाव ‘ड्राय’ असले तरी या प्रक्रियेत कपडे भिजतातच. मात्र पाण्यात नव्हे, रासायनिक द्रावकात. अनेक ठिकाणी हा द्रावक पेट्रोलजन्य असतो. म्हणूनच ‘पेट्रोल वॉश’ हा शब्द रूढ झाला. काही ठिकाणी यंत्रांत परक्लोरोएथिलीन वापरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यास ‘बहुधा कर्ककारक’ गटात ठेवले आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये, ड्राय-क्लीनिंगमधील त्याचा वापर १० वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम जाहीर केला.

हा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे त्या वाफेत काम करणाऱ्या कारागिरांना असतो. अधूनमधून कपडे देणाऱ्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि कपड्यात द्रावक उरल्यास डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची वा त्वचेची जळजळ होऊ शकते. दमेकऱ्यांचा त्रास बळावू शकतो.

दुकान निवडताना

कोणता द्रावक वापरता आणि कपडे कोठे धुतले जातात, हे निःसंकोच विचारावे. दुकानात हवा खेळती आहे का, हे पाहावे. चांगला व्यावसायिक कपड्यावरील लेबल वाचतो, डाग कशाचा व किती जुना हे विचारतो आणि पावतीवर नोंदवतो. ही माहिती आपणही आवर्जून द्यावी. तेलकट डाग द्रावकात सहज निघतात. घाम वा सरबताचे डाग मात्र पाण्यात विरघळणारे असल्याने त्यांवर आधी वेगळी प्रक्रिया करावी लागते.

कपडे घरी आणल्यावर

प्लॅस्टिकचे वेष्टन लगेच काढावे आणि ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. कपडे गॅलरीत, सावलीत, वास पूर्ण जाईपर्यंत टांगावेत. उग्र वास येत असल्यास ते दुकानदाराला परत द्यावेत. घरात गरोदर स्त्री, तान्हे मूल वा दमेकरी असल्यास ते कपडे निजण्याच्या खोलीत ठेवू नयेत.

आणि मुळात जे कपडे घरी धुता येतात, ते घरीच धुवावेत.